मांडीला घाट, मनगटाला समुद्र

मनगट मोडलं तर समुद्रकाठचा सपाट रस्ता, नडगी मोडली तर लिंबांच्या बागांमधून जाणारा चढ आणि मांडीचं हाड मोडलं तर अख्खा घाट, असा भिकाजी धुरींचा नियम होता. बोट मोडलेल्या माणसाला काही मिळत नसे. "बोटावर काय सायकल चालवणार?" असं म्हणून ते त्याला वाटेला लावत. एक ट्रकवाला यावरून फारच रुसला, तेव्हा त्याच्या करंगळीवर त्यांनी नाइलाजानं एक छोटं बंदर काढून दिलं होतं.

हे सगळं प्लास्टरवर. धुरीमामा कुवेतमधल्या आमच्या इस्पितळात प्लास्टरच्या खोलीत कामाला होते आणि मी शेजारच्या एक्स-रे विभागात. हाड मोडलेला माणूस आधी माझ्याकडे यायचा. मी त्याला काय मोडलंय ते दाखवायचो. मग तो मामांकडे जायचा आणि ते त्याला आता कुठं जायचं ते दाखवायचे.

प्लास्टर कडक झालं, की मामा कपाटातून जखमेला लावायच्या जांभळ्या औषधाची बाटली काढायचे. काडीला कापूस गुंडाळून तो त्यात बुडवायचे आणि घोट्यापासून वर एक वळणावळणाचा रस्ता काढायला घ्यायचे. समुद्र निळ्या बॉलपेननं. चढ लाल बाणांनी. मधेमधे बारीक देवनागरीत 'पाणी', 'सावली', 'हळू'. शेवटी, गुडघ्याच्या किंवा मांडीच्या जवळ, एक घर. पेशंट कुणीही असो, हाड कुठलंही असो, रस्त्याच्या टोकाला तेच एक घर असे: दोन खिडक्या आणि एक बंद दार.

रस्ता सायकलचा. भूमध्य समुद्राच्या काठाकाठानं, टेकड्यांमधून. पेशंटला सहा आठवडे पडून राहायचं असतं. त्यानं रोज थोडं थोडं अंतर मनातल्या मनात सायकल मारत जायचं आणि प्लास्टर काढायच्या दिवशी घरापाशी पोचायचं, अशी योजना. मामा रोज सकाळी वॉर्डात फेरी मारायचे. ताप आहे का, दुखतं का, हे विचारायला नर्सबाई होत्या. मामा एवढंच विचारायचे, "कुठवर पोचलात?"

आता हा प्रश्न ज्याला समजतो त्याला समजतो. पण आमच्या वॉर्डात इजिप्तचे, सीरियाचे, बांगलादेशचे, फिलिपाइन्सचे, केरळचे असे जगभरचे लोक पडलेले असत आणि ते सगळे गंभीरपणे उत्तर द्यायचे. कुणी म्हणायचं पहिल्या वळणापर्यंत. कुणी म्हणायचं काल वारा फार होता. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, भूल उतरली नसावी.

इजिप्तचे एक हेडमास्तर होते. अंगानं आडवे. त्यांची मांडी मोडली होती, म्हणून नियमाप्रमाणे घाट मिळाला. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांना धाप लागायला लागली. डॉक्टर आले, छाती तपासली, कार्डिओग्राम काढला, माझ्याकडून छातीचा एक्स-रे काढून घेतला. सगळं ठणठणीत. शेवटी मामा आले. त्यांनी चादर बाजूला करून मांडीवर नजर टाकली आणि कपाळाला हात लावला. "चढ जास्त दिला. चूक माझी." मग त्यांनी घाटाला बगल देणारा एक सपाट रस्ता समुद्राच्या बाजूनं काढून दिला. संध्याकाळपर्यंत धाप गेली. डॉक्टरांनी केसपेपरवर काय लिहिलं मला माहीत नाही. माझ्या एक्स-रेत तरी काही आलं नव्हतं.

आमचे हाडांचे डॉक्टर आधी या प्रकारावर भडकले होते. प्लास्टर ही सरकारी मालमत्ता आहे, असं ते म्हणाले. मामांनी खाली मान घालून ऐकून घेतलं आणि पुढच्या पेशंटला रस्ता काढून दिला. पुढं पुढं डॉक्टर राउंडला निघाले, की आपणच विचारू लागले, "खिडकीजवळचा म्हातारा कुठं आहे?" आणि नर्सनं "वॉर्डात" असं उत्तर दिलं तर चिडायचे.

प्लास्टर काढायच्या दिवशी आणखी एक विधी असायचा. करवतीची वायर लावण्याआधी मामा ग्लासभर पाणी आणायचे, दोन्ही हातांनी पेशंटच्या पुढं धरायचे आणि विचारायचे, "पोचलात?" पेशंटनं "पोचलो" म्हणून पाणी प्यायल्याशिवाय करवत सुरू होत नसे. एका कुवेती आजोबांनी "नाही पोचलो" म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी समजावलं, मुलांनी समजावलं. मामांनी करवतीची वायर गुंडाळून ठेवली. आजोबा दोन दिवसांनी आले, तेव्हा स्वतःच पाणी मागून घेतलं.

मामांनी हे रस्ते आणले कुठून? भूमध्य समुद्र काही त्यांनी पाहिलेला नव्हता. सावंतवाडीच्या अलीकडचं एक गाव, मग मुंबई, मग कुवेत, एवढाच त्यांचा प्रवास. पण पट्ट्या ओल्या असतात तोवर पाय हलता कामा नये, आणि हलवू नको म्हटलं की माणूस हमखास हलवतो. मामांनी त्यावर एक उपाय शोधला होता. पट्टी गुंडाळता गुंडाळता ते विचारायचे, "तुझ्या घराकडे जायचा रस्ता कसा आहे?"

कुवेतमध्ये जो तो दुसरीकडचा. घराकडचा रस्ता म्हटलं, की माणूस जागच्या जागी थिजायचा. बेरूतकडच्या एका बकालावाल्यानं, म्हणजे किराणा दुकानदारानं, लिंबांचा चढ दिला. एका सीरियन न्हाव्यानं अंजिराखालचा झरा दिला. फहाहीलला राहणाऱ्या एका इटालियन वेल्डरनं, भट्टीतल्या पावाचा वास येतो ते वळण दिलं. एका पॅलेस्टिनी कारकुनानं ऑलिव्हच्या झाडांमागची दगडी भिंत दिली आणि यापुढचं विचारू नकोस म्हणाला. मामांनी विचारलं नाही. ते एकाचा चढ दुसऱ्याच्या उताराला जोडायचे आणि तिसऱ्याच्या पायावर काढून द्यायचे.

"मामा, बेरूतचं लिंबू आणि इटलीची भट्टी यांच्यामध्ये अख्खा समुद्र आहे," असं मी एकदा त्यांना नकाशा दाखवून सांगितलं.

"मग सायकल बोटीत चढव," ते म्हणाले.

त्यांचा शब्द होता 'शांत रस्ता'. ट्रक नको, कुत्री नको, हॉर्न नको, मधेमधे पाणी पाहिजे आणि दम लागला तर टेकायला एखादी भिंत. गाडी का नको, यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "गाडीतून गेलं की चढ गाडीला कळतो. माणसाला कळत नाय."

आम्ही खैतानमध्ये एका फ्लॅटमध्ये राहायचो. चौथा मजला, तीन खोल्या, सात बॅचलर. लग्न होऊन बायकामुलं गावाला असली तरी कुवेतमध्ये माणूस बॅचलरच. माझी बायको आणि मुलगी फलटणला होत्या. सातांत खरेखुरे बॅचलर एकटे मामाच. पन्नाशी उलटलेली, डोक्यावर पांढरे केस, डावा पाय किंचित बाहेर फेकत चालायची लकब. सकाळचा चहा त्यांच्याकडे असायचा. "सपाटीचा की चढाचा?" असं ते दारातून विचारायचे. चढाच्या चहात आलं आणि दुप्पट साखर. साहेबांशी भांडण होणार असेल त्या दिवशी मी चढाचा घ्यायचो.

कुवेतवर त्यांची एकच तक्रार होती. देश सपाट. बकालापर्यंत जायच्या गल्लीत एक गतिरोधक होता, त्याला ते घाट म्हणायचे आणि उतरताना खरोखर पावलं आवरून उतरायचे. शुक्रवारी आम्ही कधी दस्मानला समुद्रावर जायचो. सगळे पाण्याकडे तोंड करून उभे राहायचे आणि मामा पाण्याकडे पाठ करून. बराच वेळ शहराकडं बघून म्हणायचे, "समुद्र आसा, डोंगर नाय. अर्धोच देश दिल्यानी हेंका."

देशी परत चाललेल्या एका बंगाली सफाईवाल्याकडून त्यांनी जुनी सायकल घेतली, तेव्हा फ्लॅटमध्ये आम्ही पेढे मागितले. दुसऱ्या दिवशी मामा सायकल घेऊन इस्पितळात निघाले. हँडलला डबा अडकवलेला, आणि मामा तिच्या शेजारून चालत. संध्याकाळी तसेच चालत परत. महिना झाला, सहा महिने झाले, सायकल आपली चालतेय आणि मामाही चालतायत. मी विचारलं, "मामा, बसता का नाही? टायर झिजतील म्हणून?"

"रस्त्याची सवय होऊ दे तिका," मामा म्हणाले.

फ्लॅटमधल्या पोरांचं यावर काय काय म्हणून झालं. मीही त्यात होतो. चिक्कूपणापासून मुहूर्तापर्यंत सगळी कारणं आम्ही लावून पाहिली.

मग ऑगस्टमध्ये एका पहाटे इराकचं सैन्य आलं आणि देश एका दिवसात दुसऱ्याचा झाला. दुकानं बंद, फोन बंद, खुबूस रोटीच्या भट्टीपुढं मैलभर रांग. इस्पितळातली निम्मी माणसं आलीच नाहीत. मामा मात्र रोज यायचे, सायकलीशेजारून चालत. रस्त्यात गाड्या काढून घेत होते, पण त्यांची सायकल कुणी अडवली नाही. जो माणूस स्वतःच सायकलवर बसत नाही, त्याच्या सायकलीत काहीतरी खोट असणार, असं सैनिकांना वाटलं असेल.

आमच्या इमारतीची लिफ्ट पहिल्याच आठवड्यात बंद पडली. मी तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन चढत होतो. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर पाय घसरला आणि मी, पोतं आणि शेजारच्यांची कुंडी असे तिघं दुसऱ्या मजल्यावर आलो. नडगी गेली, हे मला आवाजावरूनच कळलं. आयुष्यभर दुसऱ्यांची हाडं पाहिली, त्याचा एवढा फायदा.

इस्पितळात माझ्या विभागात कुणीच नव्हतं. मीच टेबलावर झोपलो, मामांना कुठलं बटण दाबायचं ते सांगितलं आणि सवयीनं "श्वास धरा" म्हणून स्वतःच धरला. पायाच्या एक्स-रेशी श्वासाचा काही संबंध नसतो. फिल्म बघून डॉक्टर म्हणाले, हाड जागेवर आहे पण जेमतेम, प्लास्टर हललं तर पाय जन्मभर आखूड राहील. मामांनी पंजापासून मांडीपर्यंत प्लास्टर घातलं. ते वाळलं आणि त्यांनी कपाट उघडलं.

"मामा, युद्ध चालू आहे," मी म्हणालो.

"म्हणून तर शांत रस्ता होयो," मामा म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी हातचं काही राखलं नाही. सगळ्यांच्या रस्त्यातले चांगले चांगले तुकडे माझ्या पायावर आले: बेरूतची लिंबं, न्हाव्याचा झरा, वेल्डरची भट्टी, कारकुनाची भिंत. वर मांडीवर ते घर, दोन खिडक्या आणि बंद दार.

"या घरात राहतं कोण?" मी विचारलं.

"तू पोच तर आधी."

सप्टेंबरमध्ये आमचा बसचा नंबर लागला. कुवेतहून बसरा, बगदाद, तिथून जॉर्डन, आणि तिथून विमानानं मुंबई. बस गच्च भरलेली. मी सर्वांत मागच्या सीटवर, पाय समोरच्या पत्र्याच्या पेटीवर. पायजम्याचा एक पाय मांडीपासून कापलेला, त्यामुळं भूमध्य समुद्राचा किनारा सगळ्या बसला दिसत होता. मामा माझ्या शेजारी. त्यांनी बरोबर एक पिशवी आणि जांभळ्या औषधाची बाटली घेतली होती. सायकल त्यांनी जिन्याखाली ठेवली आणि तिला काहीतरी सांगून आले.

बसऱ्याच्या पुढं एका चौकीवर बस थांबली. सैनिक आत चढले, पासपोर्ट बघत मागं आले आणि माझ्या पायापाशी उभे राहिले. मग खाली जाऊन त्यांनी अधिकाऱ्याला आणलं. त्यानं वाकून पाहिलं.

"खरीता," तो म्हणाला. म्हणजे नकाशा. हा अरबी शब्द मला येत होता. त्या घडीला येत नसता तर बरं झालं असतं.

सगळी बस खाली उतरवली गेली. मला दोघांनी उचलून एका खोक्यावर बसवलं. लाल बाण म्हणजे कुठल्या सैन्याची कूच? ही लिपी कसली? निळ्या रेषेपाशी काय आहे? मी सांगितलं की हा लिंबाच्या बागेकडे जायचा सायकलचा रस्ता आहे. हे वाक्य खरं होतं, पण तोंडातून बाहेर पडल्यावर मलाही पटेना. अधिकाऱ्यानं खूण केली आणि एक सैनिक सुरा घेऊन आला. प्लास्टर फोडून आत काय आहे ते बघायचं होतं.

आत माझी नडगी होती. तिसरा आठवडा, हाड अजून ओलं. सुऱ्यानं प्लास्टर फोडलं असतं, तर डॉक्टर म्हणाले होते तेच झालं असतं. आणि तेवढ्यात धुरीमामा वाळूत फतकल घालून बसले, माझा पाय त्यांनी मांडीवर घेतला आणि त्याला दोन्ही हातांनी मिठी मारली.

"काटना नहीं. हड्डी कच्चा," ते म्हणाले. मग त्यांच्या हिंदी-अरबी खिचडीत त्यांनी अधिकाऱ्याला सुनावलं, "पहले चढके देखो. बाद में काटो."

अधिकारी ओरडला. मामांनी ते पेशंटचं ओरडणं ऐकावं तसं ऐकून घेतलं, हात वर केला, त्याचं बोट धरलं आणि माझ्या घोट्यावर ठेवलं.

"बहर," मामा म्हणाले. समुद्र. "इधर से सीदा."

आता त्या माणसाच्या कमरेला पिस्तूल होतं. पण आपलं बोट असं कुणी धरलं तर काय करायचं, हे त्याला शिकवलेलं नसावं. बोट निघालं. मामा सांगत होते, इथं सपाट आहे, डाव्या हाताला बोटी, उजव्या हाताला पावाची भट्टी. चढ लागला तसं बोट घाईनं वर सरकलं.

"शुवै, शुवै," मामांनी त्याला दटावलं. हळू. "जबल है." डोंगर. अधिकाऱ्यानं बोट हळू केलं.

'पाणी' लिहिलेल्या जागी मामांनी बोट थांबवलं आणि माझ्या सीटवरची पाण्याची बाटली मागवून घेतली. तो प्यायला. एव्हाना सैनिकांनी कोंडाळं केलं होतं. त्यांच्यातल्या एका पांढऱ्या मिशीच्या शिपायानं विचारलं, ही झाडं कसली? लिंबाची, असं मामांनी सांगितलं. आमच्याकडे डोंगरात अक्रोड असतात, असं तो म्हणाला.

मामांनी लगेच मान वर केली. "तुझ्या घराकडे जायचा रस्ता कसा आहे?"

शिपाई थिजला. मग हातानं हवेत वळणं काढत त्यानं सांगायला सुरुवात केली. अधिकाऱ्यानं त्याला गप्प केलं, पण जरा उशिरानं.

"हा देश कुठला?" अधिकाऱ्यानं विचारलं. या प्रश्नाला कुठलंही उत्तर दिलं तरी चुकीचंच ठरणार होतं.

"मरीज लोगों का," मामा म्हणाले.

"आणि चौकी? या रस्त्यावर चौकी कुठं आहे?"

मामा दुखावले. "इस पे? माफी." म्हणजे नाही. "शांत रस्ता है."

अधिकाऱ्यानं बोट पायावरून उचललं. मग त्यानं शिक्का मागवला. सुरेवाला गेला आणि शिक्का आणि पॅड घेऊन आला. माझ्या नडगीवर, 'सावली' या शब्दाच्या बरोबर खाली, त्यानं शिक्का मारला आणि वर सही केली.

"आता आहे," तो म्हणाला. "जा."

त्यापुढचा प्रवास माझ्या पायावर झाला. पुढच्या चौकीवर सैनिक पासपोर्ट बघायला चढले, शिक्का पाहिला, सलाम करून उतरले. बसमधल्या लोकांना हे कळल्यावर ते मला खिडकीपाशी बसवून पाय बाहेर काढा म्हणायला लागले. एका ठिकाणी तर सगळ्यांचे पासपोर्ट तसेच परत आले आणि माझ्या नडगीवर दुसरा शिक्का पडला. एका बाईनं माझ्या पायाला हळदकुंकू वाहिलं.

मामा मात्र घुम्यासारखे बसले होते. जेवले नाहीत. माझा पाय वाचला, अख्खी बस सुटली, आणि हा माणूस तोंड फुगवून बसलेला. शेवटी मी विचारलं, काय झालं?

"रस्तो नासवल्यान," ते शिक्क्याकडं बोट करून म्हणाले.

जॉर्डनच्या वाळवंटात तंबू टाकले होते. विमानाची वाट बघत आम्ही तिथं पडून होतो. एका दुपारी मामांनी बाटली काढली आणि त्या शिक्क्याला वळसा घालून जाणारा एक आडरस्ता माझ्या पायावर काढायला घेतला. मी वैतागलो होतो. ऊन, माश्या, प्लास्टरच्या आत सुटलेली खाज, आणि वर ही कलाकुसर. मी म्हणालो, "मामा, खरं सांगा. आयुष्यात कधी सायकलवर बसलायत?"

"नाय," काडी न थांबवता मामा म्हणाले. "खुबो वळत नाय माझो."

लहानपणी, नऊ-दहा वर्षांचे असताना, त्यांच्या डाव्या खुब्याला क्षय झाला होता. घाटावरच्या एका मोठ्या दवाखान्यात त्यांना छातीपासून पायापर्यंत प्लास्टर घालून ठेवलं. दीड वर्ष. आईच्या पदरात आणखी चार पोरं, भाडं नाही, वाट लांबची. ती दोनदा आली. बाकी वेळ समोरच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं. निळा समुद्र, टेकडी, वळणावळणाचा रस्ता, त्याच्या पायथ्याशी एक सायकलवाला आणि वर टोकाला एक घर. खाली बारीक अक्षरात भूमध्य समुद्र एवढं लिहिलेलं. वर्ष संपलं तरी ते कुणी काढलं नाही. मामा रोज सकाळी सायकलवाल्याबरोबर निघायचे आणि दिवेलागणीला घरापाशी पोचायचे.

चार वर्षं मी या माणसाच्या शेजारच्या खाटेवर झोपलो. हाडं बघायचा मला पगार मिळत होता. तो पाय असा का फेकला जातो, हे मला दिसलं नव्हतं.

"दीड वर्सं रोज गेलंय मी," मामा म्हणाले. "दार उघडूक कोणच इलो नाय."

"मामा, चित्र होतं ते."

"चित्र होता ता माकाव ठावक होता." काडी थांबली. "पण माणूस चढान इलो काय कोणीतरी इचारूक होया ना रे, खंय पोचलस म्हणान? पाणी देवक होया. म्हटलंय, माझ्यासाठी कोण नाय तर नाय. दुसरो येयत तेव्हा आपण तरी थंय आसाक होया."

मग त्यांनी आडरस्ता पुरा केला आणि माझ्या पायावर फुंकर घालत बसले. मी दुसरीकडं तोंड केलं. वाळू फार उडत होती असं म्हणता आलं असतं, पण वारा नव्हता. मला रडू आलं होतं.

मुंबईला आम्ही वेगळे झालो. फलटणच्या डॉक्टरांनी करवत उचलली तेव्हा मी आधी ग्लासभर पाणी मागितलं. मला घेरी येतेय असं वाटून त्यांनी माझं डोकं खाली दाबलं. तशातच मी पाणी प्यायलो आणि "पोचलो" म्हणून सांगितलं. बायकोनं डॉक्टरांकडं बघितलं. पाय मात्र सरळ जुळला होता, बोटभरही आखूड नाही.

पुढच्या वर्षी युद्ध संपलं, तेलविहिरींच्या आगी विझल्या आणि इस्पितळानं जुन्या माणसांना परत बोलावलं. मी आधी पोचलो. खैतानचा तोच फ्लॅट मिळाला. भिंतींवर काजळी, खिडक्यांना काचांच्या जागी पुठ्ठे, लिफ्ट बंदच. जिन्याखालची सायकल कुणीतरी नेली होती. ज्यानं नेली तो निदान तिच्यावर बसून गेला असेल.

काही आठवड्यांनी इस्पितळात कळलं, धुरी आज संध्याकाळच्या विमानानं येतायत. मी लवकर घरी आलो. चढाचा चहा करून ठेवला, ग्लास घासून त्यात पाणी भरलं आणि दार लावून दाराच्या आत उभा राहिलो. दार आधीपासून उघडं ठेवून चालणार नव्हतं. ते पोचल्यावरच उघडायला हवं होतं. फ्लॅटमधल्या नव्या पोरांनी विचारलं, जगताप, दाराशी का उभे? त्यांना मी गप्प बसायला सांगितलं.

खालून पावलं ऐकू आली. एक पाऊल, मग फेकलेल्या पायाचं दुसरं. बॅग पायरीवर टेकल्याचा आवाज. पहिला मजला, दुसरा. मी कुंडीसकट पडलो होतो त्या वळणावर ते बराच वेळ थांबले. मी ग्लास दोन्ही हातांत धरून उभा होतो. पावलं पुन्हा निघाली. मग दारापाशी येऊन थांबली. त्यांनी बेल दाबली नव्हती. दाराच्या पलीकडं फक्त धाप ऐकू येत होती.

मी दार उघडलं.

"इलात, मामा?" माझ्या फलटणी जिभेला जमलं तसं मी म्हणालो आणि ग्लास पुढं केला. "खंय पोचलात?"

मामांनी ग्लासाकडं पाहिलं, माझ्या सरळ पायाकडं पाहिलं, मग दाराच्या उघड्या फळीवरून एकदा हात फिरवला. हातातली बॅग त्यांनी खाली ठेवली.

"चढ जरा जास्तच दिलस रे," ते म्हणाले, आणि उंबऱ्यात उभे राहूनच सगळं पाणी प्यायले.